रकाना सात, एकच नाव

अन्याय झाला तो आमच्या गल्लीतल्या कडक भाकरीवाल्या मावशीवर. दिवस सोमवार, १९७८ सालच्या संक्रांतीच्या आधीचा. वेळ सकाळी सव्वाअकराची. जागा सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका बँकेची शाखा, आत शिरल्यावर डाव्या हाताचं टेबल. तिथे तिला सांगण्यात आलं की कर्ज मिळणार नाही, कारण डिसेंबरात ती मजूर होती आणि जानेवारीत ती कारखानदारीण झाली. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने लिहिल्या होत्या, एकाच निळ्या पेनाने.

आणि ज्या कागदावर लिहिल्या तो कागद मी तयार केला होता.

पत्रक कसं लिहायचं हे मला आमच्या संघटनेच्या कचेरीतल्या एका म्हाताऱ्या कार्यकर्त्याने शिकवलं. ते म्हणायचे, "पहिल्या ओळीत कुणावर आणि कधी. शेवटच्या ओळीत काय पाहिजे. मधे काय रडायचं ते रड, पण आखूड रड." सतराव्या वर्षापासून मी विडी वळणाऱ्या बायकांसाठी पत्रकं लिहिली, सायक्लोस्टाइलची शाई नखांत घेऊन परीक्षेला बसले. त्या पत्रकांत चूक नेहमी समोरच्याची असायची. हात भराभर चालायचा. आज तो तसा चालत नाही, म्हणून हे आखूड होणार नाही.

आमच्या घरामागे पत्र्याची एक भाड्याची पडवी होती. तीन चुली, एक उखळ, भिंतीशी सरपण. तिथे पाच बायका कडक भाकऱ्या करायच्या. मावशी मोहोळकडची, नवरा गेल्यावर दोन मुलींना घेऊन शहरात आलेली. दुसरी पलीकडच्या गल्लीतली खाला. तिचा नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. उरलेल्या तिघींत एक विणकराच्या घरची, घरात तेलुगू बोलणारी, आणि दोघी करमाळ्याकडच्या जावा.

पाच जणी आणि पाच दिवस. सोमवार खालाचा, मंगळवार-बुधवार जावांचे, बेस्तरवार मावशीचा, शुक्रवार विणकरणीचा. जिचा दिवस तिचं पीठ, तिचं सरपण, तिचं गिऱ्हाईक आणि येईल तो पैसा तिचा. हात मात्र पाचही जणींचे. कुणी कुणाला मजुरी देत नसे. गावाकडे खुरपणीला आज हिच्या रानात, उद्या तिच्या रानात सगळ्या मिळून उतरतात, कामाची फेड कामाने करतात, त्याला सावड म्हणतात. मावशीने ती रीत उचलून चुलीवर आणली होती.

कडक भाकरीला ही रीत लागतेच. गरम पाण्यात पीठ मळायचं, कागदासारखी पातळ थापायची, शेकायची, मग चुलीच्या कडेला उभी करून कोरडी होईपर्यंत राखायची. थापणारी उठली की कडेची करपते, कडेकडे बघत बसली की तव्यावरची जाते. एकटी बाई दिवसभर राबून चार घरांपुरत्या करील. पाच जणी बसल्या की दुकानाला पुरतील एवढ्या होतात. धाकटी जाऊ बाळंत झाली तेव्हा महिनाभर तिच्या दिवशी चौघींनी भाकऱ्या केल्या आणि पैसे तिच्या उशाशी नेऊन ठेवले. कुणी काही लिहून ठेवलं नाही. लिहिण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही.

मी त्या पडवीच्या भिंतीला पाठ लावून अभ्यास केलेला आहे. मला हे सगळं माहीत होतं. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे मी माहीत नसल्यासारखी वागले.

परदेशी जायची संधी कॉलेजातल्या एका बाईंमुळे आली. तिकडच्या एका संस्थेला "प्रत्यक्ष काम करणाऱ्या तरुण स्त्रिया" हव्या होत्या. दहा महिन्यांचा अभ्यासक्रम, विषय छोटे धंदे आणि छोटी कर्जं. मी अर्ज केला तो शिकायला कमी आणि सोलापुरातून एकदा बाहेर पडायला जास्त. निघण्याच्या आधीचा रविवार कुणाचाच नव्हता. त्या रविवारी पाचही जणी बसल्या आणि माझ्या ट्रंकेत मावतील एवढ्या भाकऱ्या केल्या. पीठ कुणाचं होतं ते मला अजून माहीत नाही.

खाला म्हणाली, "वहां क्या मिलता की. लेके जा. पानी में भिगाके खा, दूध में भिगाके खा, गोरे लोगां पूछे तो बोल, बिस्कुट है."

मावशी म्हणाली, "आन् शिकून ये नीट. आमास्नी बी सांग मग, धंदा कसा करत्यात ते."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण मला ते खरंच वाटत होतं, की मी यांना धंदा शिकवणार आहे.

तिकडचं गाव थंड, स्वच्छ आणि माणसाला सतत उपकाराखाली ठेवणारं होतं. दर महिन्याला आभाराचं पत्र लिहायचं. देणगीदारांच्या जेवणाला साडी नेसून बसायचं आणि आपल्या देशातली गरिबी हळू आवाजात सांगायची. मी ती चांगली सांगायची. सभेत बोलायची सवय होती. टाळ्या पडल्या की मला आनंद व्हायचा, आणि खोलीवर आल्यावर स्वतःची किळस यायची. ती किळस मी पत्रात कधी लिहिली नाही.

शिकवणारे सर दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर मी भांडले असते, ते मला जमतं. ते प्रेमळ होते आणि त्यांच्याकडे चौकोन होते. फळ्यावर तीन चौकोन काढायचे. एकात मालक, दुसऱ्यात कामगार, तिसऱ्यात गिऱ्हाईक. जगातला कुठलाही धंदा या तीन चौकोनांत बसतो, असं त्यांचं म्हणणं. बसत नसेल तर तो धंदा अजून वाढीला लागलेला नाही, त्याला कर्ज देणं धोक्याचं.

एकदा त्यांनी सांगितलं, आपापल्या गावच्या एका छोट्या धंद्याचं वर्णन लिहून आणा. मी पडवीचं लिहिलं. पाच दिवस, पाच बायका, सावड, सगळं. त्यांनी वाचलं आणि मालकाच्या चौकोनावर खडू ठेवून विचारलं, "छान आहे. पण मालक कोण?"

मी म्हटलं, "पाचही जणी."

"मग हे पाच धंदे आहेत की एक?"

उत्तर होतं, पण त्यांच्या चौकोनात लिहिता येईल असं नव्हतं. त्यांनी कागद परत दिला. "ठरवून आण," म्हणाले.

माझ्या शेजारी पश्चिम आफ्रिकेतली एक मुलगी बसायची. तिची आई बाजारात कापड विकायची, आणखी सहा जणींबरोबर, जवळजवळ आमच्या पडवीसारखंच. तिलाही हाच प्रश्न आला होता. तिने मालकाच्या चौकोनात बारीक अक्षरात सात नावं लिहिली, ती चौकोनाबाहेर गेली, आणि तसाच कागद देऊन टाकला. शेरा मिळाला, "अपूर्ण."

मी ठरवून नेलं. मालक, मावशी. कामगार, चार. मला पैकीच्या पैकी गुण मिळाले. सरांनी त्याच्या प्रती काढून सगळ्यांना वाटल्या आणि सोलापूरचं उदाहरण म्हणून ते पुढच्या वर्गांनाही शिकवायचं ठरलं.

त्या दिवशी दुपारी चारलाच अंधारून आलं होतं. ती मुलगी माझ्या खोलीत येऊन बसली. ट्रंकेतल्या शेवटच्या भाकऱ्या उरल्या होत्या. मी एक मोडून अर्धी तिला दिली. तिने तुकडा दिव्याकडे धरून बघितला, केवढा पातळ म्हणून.

"ही त्या एकीने केली?" तिने विचारलं.

"नाही. पाच जणींनी."

"मग?" ती म्हणाली.

मी चहा ठेवायला उठले. एवढंच. मला वाटलं, कागदावरची गोष्ट आहे, परदेशातला वर्ग आहे, सोलापूर लांब आहे.

परत आले तेव्हा बँकांना वरून हुकूम सुटत होते की लहान माणसाला कर्ज द्या. सात रस्त्याजवळच्या शाखेचे मॅनेजर उत्साही गृहस्थ. मला बोलावून म्हणाले, "ताई, तुम्ही बाहेरून हेच शिकून आलात. आमचा फॉर्म लोकांना कळत नाही. सोप्या मराठीत करून द्या." दोन दुपारी बसून मी तो करून दिला. मला अभिमान होता की त्यात एकही अवघड शब्द नाही. रकाना सात मी असा लिहिला: "धंद्याचा मालक (एकच नाव लिहावे)." मूळ इंग्रजी कागदात कंसातले शब्द नव्हते. ते माझे. तिकडून शहाणी होऊन आले होते ना.

त्याच सुमारास पडवीचा मालक घरी आला. चादरीच्या एका व्यापाऱ्याला माल ठेवायला जागा हवी होती. संक्रांतीपर्यंत अनामत दिली तर पडवी बायकांची, नाही तर कुलूप. मी मावशीला म्हटलं, अर्ज कर.

"बँकंत मला कोण वळखतं?"

"मी ओळखते ना."

"तू वळखतीस गं. त्येनी वळखाय पायजे."

"मी आहे, मावशी."

तिने अंगठा दिला. रकाना सातमध्ये तिचं नाव मी लिहिलं. बाकीच्या चौघी बघत उभ्या होत्या. खालाने विचारलं, "हमारा नाम?" मी म्हटलं, लागत नाही. हातातली परात तिने जरा जोरात खाली ठेवली.

तपासणीला बँकेचे साहेब आले तेव्हा मी पडवीत नव्हते. मी एका कॉलेजच्या हॉलमध्ये "परदेशातील माझा अभ्यास" या विषयावर भाषण देत होते. पडवीत काय झालं ते खालाने मला रात्री नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशी सांगितलं, तेही साहेबांची नक्कल करून, कमरेवर हात ठेवून, पोट पुढे काढून.

साहेब आले. सफारी, काखेत फाइल. दिवस सोमवार, म्हणजे खालाचा.

"धंदा कुणाचा?"

"आज मेरा," खाला म्हणाली.

"आज म्हणजे?"

"सोमवार है ना साब."

साहेबांनी फाइल बघितली आणि मावशीकडे वळले. "आणि तुमचा धंदा कुठाय?"

"माजा बेस्तरवारी."

"मग आज इथं काय करताय?"

"भाकरी थापतीया. दिसंना व्हय?"

"दुसऱ्याच्या चुलीवर?"

"चूल कुनाची आसती व्हय? इस्तव लागला की सगळ्यांची."

साहेबांनी निळ्या पेनाने लिहिलं: सदर बाई दुसऱ्याच्या धंद्यात भाकरी थापताना आढळली. स्वतःचा धंदा नाही. मजूर.

जाताना खालाने त्यांना दोन भाकऱ्या कागदात बांधून दिल्या. त्या त्यांनी घेतल्या.

मी मॅनेजरांकडे धावले. त्यांनी पुन्हा तपासणी लावली, या वेळी गुरुवारी, मावशीच्या बेस्तरवारी. आदल्या दिवशी मी पडवीत जाऊन सांगितलं, उद्या चौघींनी घरी थांबा, चुलीपुढे एकटी मावशी दिसली पाहिजे. एकच मालक, लहान धंदा, कर्ज पास. संध्याकाळी वाटलं तर या सगळ्या.

चौघींनी मावशीकडे बघितलं. मावशी पिठाचे हात तसेच ठेवून म्हणाली, "माज्या दिवशी ह्या न्हाय आल्या, तर ह्येंच्या दिवशी मी कुटल्या तोंडानं येऊ?"

"एक दिवसाचा प्रश्न आहे गं."

"एकच दिस माजा हाय की. त्यो बी खोटा करू?"

"पडवी जाईल, मावशी."

"जाईल तर जाईल. खोटं बोलाय मी न्हाय म्हनत न्हाय बग. साहेबाला कायबी सांगंन. पर ह्यास्नी घरी बस म्हनायला माजी जीभ वळत न्हाय."

विणकरीण तेलुगूत काहीतरी पुटपुटली. खाला म्हणाली, "ये परदेस जाके आई, इसको कुछ समझता नहीं." माझ्यासमोरच, मी तिथे नसल्यासारखं.

गुरुवारी पाचही जणी आल्या. नेहमीपेक्षा लवकर आल्या, आणि नेहमीपेक्षा मोठ्याने थापत होत्या, असं मला वाटलं. साहेबांनी डोकी मोजली. मी आडवी आले. सावड समजावून सांगायला लागले, गावाकडची खुरपणी, कामाची फेड कामाने. ते म्हणाले, "मॅडम, फॉर्मवर मालक एक आहे. मग बाकीच्या कोण? पाहुण्या आहेत का?"

माझ्याच रकान्याने माझं तोंड बंद झालं. लिहिलं गेलं: चार कामगार कामावर आढळले. अर्जदार कारखानदार असून लहान धंद्याच्या योजनेत बसत नाही.

पुढचा सोमवार तुम्हाला पहिल्या ओळीत सांगितलाच आहे. मॅनेजरांनी दोन्ही अहवाल वाचून दाखवले, वाईट वाटल्यासारखा चेहरा करून. मी भांडले, टेबलावर हात आपटला, शिपाई आत आला. मावशी उठून उभी राहिली आणि मला म्हणाली, "चल. भाकरी ऱ्हायल्यात." त्या दिवशी सोमवार होता. खालाचा.

संक्रांतीनंतर पडवीला कुलूप लागलं. चादरींचे गठ्ठे आले, उखळ बाहेर रस्त्यावर ठेवलं गेलं, ते दोन दिवसांत कुणी तरी उचललं. पाच जणी पांगल्या. खाला घरी एकटी थापते, अर्ध्या करपतात. जावा करमाळ्याला परतल्या. मावशी एका खानावळीत कामाला लागली, सकाळपासून सगळे वार दुसऱ्याच्या चुलीवर. साहेबांनी मजूर लिहिलं तेव्हा ते खोटं होतं. बँकेने कर्ज नाकारून ते खरं करून दाखवलं.

मी तिला भेटायला खानावळीच्या मागच्या दाराशी गेले. पदराने हात पुसत तिने विचारलं, "त्ये फारम तू लिवलं व्हतंस, व्हय?"

"व्हय."

"तितं येकच नाव म्हून कुनी लिवलं?"

"मी."

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मग तूच खोड की." आणि आत गेली, कारण आतून कुणी तरी ओरडत होतं.

मी खोडायला गेले. मॅनेजर म्हणाले, "ताई, फॉर्म छापून झाला. जिल्ह्यातल्या बाकीच्या शाखांतही गेला, सगळ्यांना आवडला. सोपा आहे." माझ्या सोप्या मराठीचं त्यांनी कौतुक केलं. मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "खातेदारांनी लेखी मागणी केली तर मी वर पाठवू शकतो. तुमचं एकटीचं कोण ऐकतं?" मी विचारलं, त्या पाच जणींनी मागणी केली तर? म्हणाले, "त्यांचं खातं कुठाय?"

परदेशातल्या त्या वर्गात सोलापूरचं उदाहरण अजून शिकवलं जात असेल. मालक एक, कामगार चार. मी सरांना पत्र लिहिलं की ते चूक आहे, मी गुणांसाठी लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, फार प्रेमळ. लिहिलं होतं, तुझी तळमळ कळते, पण उदाहरण समजायला सोपं असावं लागतं. त्या मुलीला मी काही कळवलं नाही. तिच्या "मग?"ला द्यायला अजून माझ्याकडे काही नाही.

पण एक गोष्ट अजून हातात आहे. खालाने दुसरी पडवी बघून ठेवली आहे, तिच्याच गल्लीत, दोन चुलींची. मालक अक्षय तृतीयेपर्यंत थांबतो म्हणाला आहे. जावांना आणि विणकरणीला निरोप गेला आहे. त्या म्हणतात, जागा झाली की येतो. मावशीने अजून हो म्हटलेलं नाही, पण परवा तिने खालाला विचारलं, छत पत्र्याचं आहे का कौलाचं.

अर्ज पुन्हा जाणार आहे. या वेळी त्यावर पाच नावं असतील आणि ती चौकोनाबाहेर जातील.

तुम्ही हे वाचताय म्हणजे तुम्हाला लिहिता-वाचता येतं, आणि बहुतेक तुमचं कुठल्या तरी बँकेत खातं आहे. तुमची दया नको, देणगी नको, मला तर मुळीच काही नको. या आठवड्यात तुमच्या शाखेत जा. छोट्या धंद्याच्या कर्जाचा फॉर्म मागा. रकाना सात काढा, कंसातले तीन शब्द तुमच्या पेनाने खोडा, बाजूला लिहा, "पाच नावं मावतील एवढी जागा ठेवा," खाली तुमचा खाते क्रमांक घाला, सही करा, आणि तो कागद मॅनेजरच्या हातात द्या. पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.